मागच्या सीटवर आपा

अब्बा दुबईच्या खाडीवर टॅली क्लार्क होते. त्या काळी मोठी जहाजं खाडीत शिरत नसत. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि त्यांच्यावरचा माल बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांमधून, आत यायचा. कुठल्या बार्जवरून किती गोणी आणि किती पेट्या उतरल्या, ते लिहून घेण्याचं अब्बांचं काम. अम्मा, माझी मोठी बहीण आपा आणि मी रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून तिथे गेलो तेव्हा मी दहा वर्षांची होते, आपा चौदाची. गावालाही आमच्या घरासमोर खाडीच होती. त्यामुळे एक खाडी सोडून दुसऱ्या खाडीवर आलो, एवढंच मला वाटलं. इथे काठावर माड नव्हते आणि पाण्याला चिखलाचा वास नव्हता, पण भरती-ओहोटी तीच होती. मला तेवढं पुरलं.

मी शाळेत जायला लागले. आपाची शाळा गावालाच सुटली होती. ती घरी अम्माला मदत करायची आणि आम्ही राहायचो त्या देरा भागातल्या आपल्या बायकांचे कपडे शिवायची. दुपारी अब्बांचा डबा घेऊन जेटीवर जायचं काम माझं. डबा दिला की अब्बा जेवेपर्यंत मी अब्बांच्या कंपनीची लहान डिंगी सोडायची आणि बांधलेल्या बार्जच्या मधून वल्हवत फिरायची. कुणी हटकत नसे. अब्बांची मुलगी म्हणून सगळे ओळखायचे.

साठचं दशक अर्धंअधिक सरलं होतं आणि आम्हाला इथे येऊन चार वर्षं झाली होती. खाडीवरचा पूल अजून नवा नवा वाटायचा. खाडीतला गाळ काढणाऱ्या कंपनीत एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याची बायको, आम्ही तिला मॅडम म्हणायचो, एका दुपारी जेटीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी डिंगी बांधून वर आले तेव्हा तिने विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," मी शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं.

तिने माझा दंड दोन बोटांत धरून चाचपला. बाजारात कोंबडी चाचपतात तसा. मग ती हसली.

मॅडम लग्नाआधी तिच्या देशात होड्यांच्या शर्यतीत उतरायची. आपल्या शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होड्या नव्हेत. लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, सुरीसारख्या अरुंद होड्या असतात, त्यांत पुढे तोंड करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. अंतर थोडंच, पाचशे मीटर. पण जीव खाऊन जायचं. एका शर्यतीच्या मोसमात तिचा खांदा निखळला आणि ते संपलं. तरी नवऱ्याबरोबर इथे येताना तिने जहाजातून दोन होड्या आणल्या होत्या. एक एकटीची आणि एक दोघींची. दोघींच्या होडीत बसायला तिला माणसं हवी होती. शारजाच्या ब्रिटिश लष्करी तळावरच्या नर्सना आणि तेल कंपनीच्या बेटावरच्या बायकांना अशाच होड्यांचा नाद होता, आणि हिवाळ्यात खाडीवर शर्यती व्हायच्या.

तिने अब्बांना विचारलं. अब्बांनी रात्री जेवताना ते घरात सांगितलं.

"एकटी पोर? त्या गोऱ्या लोकांत?" अम्माचा हात भाताच्या टोपावर थांबला.

"एकटी कशी? होडीच दोघींची आहे. दोघी बहिणी जातील. दोघी गेल्या तर ठीक, नाहीतर कुणीच नाही." अब्बा मजेत होते. साहेबाच्या बायकोने त्यांना खुर्ची देऊन बसवलं होतं. "मॅडम विचारत होती, तुमच्या मुलींना पाण्याची भीती वाटते का. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात पाण्याला भिणारं माणूस जन्माला यायचंय."

मग ते आपाकडे वळले. "काय गं बाय, जाशील ना हिच्याबरोबर?"

आपा कालवण वाढत होती. तिने अम्माकडे बघितलं. अम्मा टोपात बघत होती. मी आपाकडे बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते मला आज आरशात बघावं इतकं स्पष्ट दिसतं.

"जाईन," आपा म्हणाली.

पहाटेची, फजरची नमाज झाली की मॅडमच्या नवऱ्याच्या कंपनीची जीप आम्हाला घ्यायला यायची. खाडीच्या पार आतल्या टोकाला, जिथे पाणी पसरट आणि उथळ होतं आणि फ्लेमिंगोंशिवाय कुणी नसायचं, तिथे मॅडम होड्या काढून ठेवायची. पूर्ण बाह्यांचे कुडते, सलवारी, डोक्यावरचे रुमाल मागे घट्ट बांधलेले, असा आमचा थाट. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "दोघींना पोहता येतं?"

"हो," मी म्हटलं. दोघींच्या वतीने मीच म्हटलं. ते खोटं नव्हतं. आपा अगदी लहानपणीच पोहायला शिकली होती हे मला ऐकून माहीत होतं. गावाला खाडीत आम्ही मुलं डुंबायचो तेव्हा ती काठावर आमचे कपडे सांभाळत बसायची हेही माहीत होतं. ती मोठी झाली म्हणून बसते असं मी धरून चालले होते.

पुढे मी आणि मागे आपा, असं ठरलं. पुढची ताल धरते आणि पायाने सुकाणू फिरवते, मागची तिच्या तालावर वल्हं मारते. मॅडमला खरं तर आपाला पुढे बसवायचं होतं, कारण आपाचे हात माझ्यापेक्षा लांब होते. पण आपानेच मान हलवली. "मी मागे."

ती होडी बसल्या जागी उलटायची. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही कमरेएवढ्या पाण्यात होतो. मॅडम मागचं टोक धरून चालायची आणि तिने हात काढला की आम्ही धप्पकन पाण्यात. मी खिदळत उठायची. आपा उठायची ती तोंडावरून एकदाच हात फिरवून, न बोलता, आणि होडी सरळ करायला लागायची. तिची ही शांतता मॅडमला फार आवडायची. "तुझ्या बहिणीकडून शिक," मला म्हणायची. "ती घाबरत नाही आणि हसतही नाही."

हळूहळू होडी आमची झाली. हातांनी नाही, कंबरेतून वळून वल्हं ओढायचं, पाय आतल्या फळीवर रेटायचे, वरचा हात सैल सोडायचा, हे अंगात मुरायला लागलं. घरी संध्याकाळी आम्ही एका फळीवर पुढेमागे बसून हातात झाडू घेऊन तोच व्यायाम करायचो. शेजारच्या बायका दारात येऊन हसायच्या. अब्बा घड्याळ धरून बसायचे आणि अरबीत "यल्ला, यल्ला!", चला, चला, असं ओरडायचे. मी शाळेत हुशार नव्हते, दिसायला साधी होते, घरात धाकटी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी असं येत होतं की ज्याकडे लोक थांबून बघत होते. सकाळी होडी पाण्यावर सुटली की मला वाटायचं, आता मला कुणी नाव विचारलं तरी सांगता येणार नाही, इतकी मी त्या वेगात विरघळलेली असायची.

आपाचे तळहात मात्र सारखे सोलवटायचे. माझ्या हातांना घट्टे पडले, तिच्या हातांना जखमा. अम्मा खोबरेल तेलात हळद कालवून लावायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "हिचेच का असे होतात?"

"ती वल्हं फार आवळून धरते," मी सांगायची. "मॅडम रोज सांगते, वरचा हात सैल सोड. हिला जमतच नाही." आणि आपाला म्हणायची, "अगं, कशाला एवढं घट्ट धरतेस? पळून जाणार आहे का ते?"

आपा म्हणायची, "उद्या सैल धरेन."

सकाळी जीप यायच्या आधी तिला कधीकधी उलटी व्हायची. पित्त, असं ती सांगायची. मी दारात चपला घालून उभी असायची आणि उशीर होतोय म्हणून माझे पाय शिवशिवत असायचे. मी कधी म्हटलं नाही की आज राहू दे. ती तोंड धुऊन यायची आणि आम्ही निघायचो.

होडीत बसल्यावर मागून मला तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. पाण्याच्या सळसळीत शब्द कळायचे नाहीत. पण दोन-दोनच्या ठेक्यात ते चालायचं, डावं-उजवं, डावं-उजवं. मला वाटायचं, ताल चुकू नये म्हणून ती मोजते. मला त्याची इतकी सवय झाली की मीच तिच्या पुटपुटण्यावर वल्हं मारायला लागले. पुढे बसून ताल मी धरायचा होता, पण खरं म्हणजे तो मागून येत होता.

शर्यत बकरी ईदनंतरच्या शुक्रवारी ठरली. ती व्हायची होती खाडीच्या मधल्या, रुंद आणि खोल भागात, जिथे दोन्ही काठांवर माणसं उभी राहू शकतील. तिच्या तीन-चार आठवडे आधी मी मॅडमच्या मागे लागले. आम्ही कायम आतल्या शांत पाण्यात सराव करतो, तिकडच्या लाटांची सवय कशी होणार? मॅडम म्हणाली, अजून थोडं थांबू. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. शेवटी ती म्हणाली, "बरं. तुझ्या बहिणीला चालेल?"

आपा शेजारीच होडी पुसत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "चालेल म्हणते," मी मॅडमला सांगितलं.

त्या सकाळी अब्रा सुरू झाल्या होत्या. अब्रा म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या होड्या. त्यांच्यापासून लांब राहून आम्ही एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीला समोरून एक मोठी लाँच बार्ज ओढत आली आणि वेगात निघून गेली. तिच्यामागून लाटा आल्या त्या तिरक्या. पहिली मी सांभाळली. दुसरीने होडी वर उचलली आणि आम्ही गेलो.

मी वर आले ती हसतच. खारं पाणी थुंकत मी म्हटलं, "आपा, माझा रुमाल गेला बघ."

उत्तर आलं नाही. होडी पालथी पडली होती आणि मागच्या बाजूला कुणी नव्हतं. मी हाक मारली. मग होडीच्या पलीकडून एक हात वर आला, मग दुसरा, आणि मग आपाचं डोकं. तिची सलवार आतल्या फळीत अडकली होती. ती खाली किती वेळ होती हे मला आजही सांगता येत नाही. फार वेळ नसेल. तिने होडीच्या पाठीवर दोन्ही हात टाकले आणि गाल टेकवला. मी पोहत तिच्याजवळ गेले. तिचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. कशाकडेच बघत नव्हती. तोंडातून एकच चालू होतं, आता मोठ्याने, स्पष्ट. "या हफीज, या हफीज, या हफीज."

हे सांभाळणाऱ्या, आम्हाला सांभाळ. ठेका तोच होता. डावं-उजवं. मी ज्यावर इतके दिवस वल्हं मारत होते, तोच.

एक अब्रावाला त्याची होडी घेऊन आला. म्हातारा बलुची होता. त्याने मला काखेत धरून वर घेतलं, पण आपा होडी सोडेना. तो वाकून तिची बोटं एकेक करून सोडवायला लागला. एक सुटलं की आधीचं पुन्हा आवळायचं. "खलास बेटी," तो म्हणत होता, "खलास, हो गया, छोड दे." मॅडम काठावरून ओरडत होती. मी अब्रात ओली बसून ते बघत होते आणि तेव्हाच मला कळलं होतं. कुणी सांगायच्या आधीच.

घरी अम्माने आपाला कोरडे कपडे दिले, चहा पाजला, झोपवलं. मग मला स्वयंपाकाच्या खोपटात बोलावलं. मारेल असं वाटलं. ती चुलीसमोर बसली आणि आवाज न चढवता तिने सांगितलं.

मी तीन वर्षांची असताना गावच्या खाडीत तर उलटली होती. तर म्हणजे पलीकडच्या गावी जायची होडी. आपा सात वर्षांची होती, मामाबरोबर जात होती. भरलेली होडी पालथी झाली आणि आपा तिच्याखाली राहिली. मामाने केसांना धरून ओढून काढली. सगळी वाचली, कुणी दगावलं नाही, म्हणून गावात त्याचं फार बोलणंही झालं नाही. अब्बा तेव्हा इकडे होते. त्यांना कळवलं नाही. इतक्या लांब एकट्या माणसाचा जीव कशाला टांगणीला लावायचा? पुढे सांगायचं राहूनच गेलं. आपा त्यानंतर पाण्यात पाय घालत नसे.

"मग तिला जाऊ कशाला दिलंस?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"मी तिला त्याच रात्री म्हटलं, नको जाऊस, मी बघते अब्बांचं. ती म्हणाली, मी नाही गेले तर हिलापण नाही जाता येणार." अम्माने चिमट्याने निखारा सारला. "मग मी गप्प बसले. मला वाटलं, चार दिवस जाईल आणि तूच कंटाळशील."

दुपारी आपा जागी झाली तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते. मनात बरंच जुळवून ठेवलं होतं.

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"आता आपण बंद करू. मी मॅडमला सांगते."

ती छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "आता कशाला? शर्यत तीन आठवड्यांवर आली. आता बंद केलं तर अब्बांना कारण सांगावं लागेल. त्यांनी साऱ्या जेटीला सांगून ठेवलंय."

"पण तुला भीती वाटते."

"तू पुढे असतेस ना. मला पाणी दिसत नाही, तुझी पाठ दिसते. तेवढंच बघते मी." मग कूस बदलून म्हणाली, "जा, मला झोपू दे."

मी उठले. इथपर्यंत मी हे आयुष्यात काही जणांना सांगितलं आहे, आणि सगळे म्हणतात, मग तू काय करणार होतीस, तिनेच नको म्हटलं. पण खोलीच्या बाहेर आल्यावर मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी "बंद करू" म्हणत होते तेव्हा माझा सगळा जीव कानात आला होता, की ही हो तर म्हणणार नाही ना. तिने नाही म्हटल्याबरोबर मी उठले. पुन्हा विचारलं नाही. मॅडमच्या मागे मी तीन दिवस लागले होते. आपाला एकदाच विचारलं.

आठवडाभर विश्रांती घेऊन आम्ही पुन्हा सुरू केलं. मॅडमला मी सांगितलं की आपाची सलवार अडकली म्हणून ती घाबरली. मग सलवारीच्या घोट्यांना आम्ही दोरी बांधायला लागलो. मागून पुटपुटणं यायचंच. आता ते काय आहे हे मला माहीत होतं. रोज सकाळी माझी बहीण माझ्या पाठीशी बसून जीव वाचवण्याची प्रार्थना करत होती आणि मी तिच्यावर वेग साधत होते. मला लाज वाटायची, आणि होडी पूर्वीपेक्षा चांगली पळायची. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

शर्यतीच्या दिवशी काठ भरून गेला होता. आधी तिथल्या लोकांच्या लांबलचक होड्यांच्या शर्यती झाल्या. एकेकीत डझनावारी वल्ही, गाणी, ढोल. मग आमची. चार होड्या होत्या. दोन शारजाच्या तळावरच्या, एक तेल कंपनीच्या बेटावरची आणि एक आमची. पाण्यात रिकामी पिंपं तरंगत ठेवून हद्द आखली होती. अब्बा जेटीवर ठेवणीतला कोट घालून उभे होते आणि त्यांच्या भोवती सगळे मुकादम आणि हमाल. अम्मा आली नव्हती.

होडीत बसताना आपाचा हात माझ्या खांद्याला लागला. तो गार होता. "ठीक आहेस?" मी विचारलं.

"पुढे बघ," ती म्हणाली.

बंदुकीचा बार झाला. सुरुवातीचे वीस-तीस फटके कसे गेले ते मला आठवत नाही. मग श्वास लागला, ताल बसला, आणि मागून ते सुरू झालं. या हफीज, या हफीज. बेटावरची होडी मागे पडली. तळावरच्या दोहोंपैकी एक मागे पडली. उरली एकच. दोन नर्स होत्या तिच्यात, माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, आमच्या बरोबरीने. अर्धं अंतर गेलं. मग आम्ही पुढे जायला लागलो. आधी हातभर, मग त्याहून जास्त. काठावरचा आवाज वाढला. पिंपांची शेवटची जोडी दिसायला लागली.

आणि मागचं पुटपुटणं थांबलं.

वल्हं पडत होतं, होडीला रेटा येत होता, सगळं नीट होतं. फक्त तो आवाज नव्हता. मी दोन फटके वाट बघितली. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांसमोर पालथी होडी आली, तिच्यामागे कुणीच नाही अशी, आणि मी मान वळवून मागे बघितलं.

त्या होडीत मागे बघायचं नसतं. अंग वळलं की तोल जातो, तोल सांभाळायला वल्हं पाण्यावर आडवं टेकवावं लागतं, आणि टेकवलं की वेग मेला. एवढं सगळं एका क्षणात झालं. त्या क्षणात मला आपा दिसली. रुमाल मागे सरकलेला, तोंड उघडं, चेहरा लाल, डोळे थेट पुढे, पिंपांवर. मी वळलेली बघून त्या डोळ्यांत जे आलं ती भीती नव्हती. "पुढे बघ!" ती ओरडली. आपा ओरडली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही पुन्हा जोर लावला. नर्सांची होडी एका वल्ह्याच्या अंतराने पुढे निघून गेली. आम्ही दुसऱ्या आलो.

आम्ही काठाला लागलो. अब्बा धावत येत होते, हात वर करून, जणू आम्हीच जिंकलो होतो. ते पोहोचायच्या आधी आपाने माझा दंड पकडला.

"मागे का बघितलंस?"

"तुझा आवाज थांबला. मला वाटलं, तू…"

तिची बोटं माझ्या दंडात रुतली. मग हळू आवाजात, दात आवळून म्हणाली, "मी म्हणायची विसरले होते. कळतंय का तुला? पहिल्यांदा विसरले होते. आणि तू मागे बघितलंस."

ती रडायला लागली. अब्बांना वाटलं, हरल्याचं दुःख आहे. त्यांनी दोघींना जवळ घेतलं आणि म्हणाले, दुसऱ्या आलात हे काय कमी आहे, अल्लाची मेहेरबानी. मॅडमनेही तेच सांगितलं आणि मग बाजूला घेऊन मला झापलं. एवढा सराव करून मागे कुणी बघतं का? मी ऐकून घेतलं. तिला कारण सांगता आलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्याआधी इंजिनिअरचं कंत्राट संपलं आणि मॅडम गेली. होड्या तिने शारजाच्या तळाला दिल्या. अब्बांनी एकदा जाऊन त्या लोकांना विचारलं की माझ्या मुलींना तिकडे येऊ द्याल का. ते इन्शाल्ला म्हणाले आणि तिथेच राहिलं. पुढल्या वर्षी आपाचं लग्न झालं. नवरा आमच्याच बाजूचा, कुवेतला नोकरीला. बोटीत चढताना तिने डोळे मिटून घेतले होते आणि अम्माने तिचा हात धरला होता. मी काठावर उभी होते. एकटीने होडीत बसायची परवानगी मला कधी मिळणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नाही. माझंही लग्न झालं, मी शारजाला राहिले, मुलं झाली. ती मुलं आता इंग्रजीत बोलतात आणि त्यांच्यातला एक रोज जबल अलीच्या बंदरावर कामाला जातो. तो रस्ता खाडीच्या त्या आतल्या टोकाजवळून जातो.

आपा पुढे कुवेतहून रत्नागिरीला परतली. तिचा संसार चांगला झाला. मुलं शिकली, नवरा भला माणूस. तिचं माझ्यामुळे काही वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. तरी अम्मा वारल्यानंतर आम्ही दोघी तिचे कपडे आवरत होतो तेव्हा मी तिची माफी मागितली. तुला त्या होडीत बसवलं त्याबद्दल, म्हटलं.

तिने हातातली साडी नीट चौकोनी घडी घालून ठेवली. "तुला वाटतं, तू मला बसवलंस?"

"मग?"

"पहिले काही महिने, हो. तुझ्यासाठीच. पण उलटल्यानंतर तू विचारलंस तेव्हा नाही म्हटलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. मला बघायचं होतं, माझ्याने होतं का." मग म्हणाली, "आणि होत होतं. तेवढ्यात तू मागे बघितलंस."

ती हे हसून म्हणाली. राग तिच्यात राहिला नव्हता. पण मला त्याने मोकळं वाटलं नाही, उलट गुंता वाढला. इतकी वर्षं मी तिच्या भीतीबद्दल स्वतःला दोष देत होते. आता कळत होतं की मी तिच्याकडून दुसरंच काहीतरी घेतलं होतं, आणि तेही तिची काळजी करण्याच्या नादात. ती कधी घाबरली हे मला उशिरा कळलं, ती कधी घाबरेनाशी झाली हे तर त्याहून उशिरा. मी पुढे बसले होते हे एक कारण. दुसरं कारण असं की मी स्वतःपलीकडे फारसं बघत नव्हते.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. दर शुक्रवारी फोन होतो. ती माझ्या गुडघ्यांचं विचारते, मी तिच्या साखरेचं. गेल्या हिवाळ्यात मी तिला सांगितलं की मी त्या दिवसांबद्दल लिहायला घेतलंय. तिने आधी मागे चाललेला टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "लिही. पण मी घाबरत होते असं लिहू नकोस. नातवंडं वाचतील. त्यांना मराठी येत नाही म्हणा, पण कुणीतरी वाचून दाखवेल."

"मग काय लिहू?"

"लिही की चार होड्या होत्या आणि आम्ही दुसऱ्या आलो."

मी हो म्हटलं. तेवढंच लिहायचा प्रयत्नही केला. एका पानात संपलं, आणि त्यात आपा कुठेच नव्हती. होडी होती, पिंपं होती, अब्बांचा कोट होता. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून बसले आणि सगळं लिहिलं. तिला अजून विचारलेलं नाही.